इंदापूर तालुक्यातले दर्यावर्दी

शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाला निम्मा वेळ वाऱ्याची वाट बघण्यापलीकडे काम नसतं. त्यामुळे आमच्या क्लबात शर्यती कमी आणि किस्से जास्त झाले. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. निवृत्त झालो तेव्हा फायली सुटल्या, किस्से सुटले नाहीत. कुणी विचारलं, "इंदापूर तालुक्यात शिडाच्या होड्या?" की मी सुरू होतो. विचारणारा सहसा पुन्हा विचारत नाही.

काळ नव्वद सालानंतरचा. उजनीच्या बॅकवॉटरवर सुभेदार साहेबांनी चार जुन्या होड्या आणल्या आणि पत्र्याच्या शेडवर क्लबाची पाटी ठोकली. साहेब फौजेतून निवृत्त झालेले, फौजेकडून शर्यती मारलेले. मी मानद सेक्रेटरी. म्हणजे शिट्टी, झेंडे आणि चहा. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो भगवान खरात. बारामती एमआयडीसीत फिटर. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून यायचा आणि सूर्य बुडेपर्यंत पाण्यात असायचा. त्याला राज्याच्या संघात जायचं होतं. हे तो इतक्या सहज सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, इंदापुरात बाजाराला चाललाय.

* * *

साहेबांचा पहिला धडा बुडण्याचा. "होडी उलटी करा, मग सरळ करा. ज्याला उलटायची भीती, त्यानं शिडाला हात लावू नये."

भगवान सुकाणूवर आणि पुढच्या शिडाच्या दोरावर त्याचा मित्र नामदेव, अशी ही जोडी. पहिल्याच शर्यतीत दोघं उलटले. लाईफ जॅकेट घालून, शिकवल्याप्रमाणे, शांतपणे होडी सरळ करत होते. तेवढ्यात जवळचा एक कोळी जाळं टाकून धावून आला आणि त्यानं भगवानची कॉलर धरली.

"सोडा मला. मदत घेतली की बाद होतो मी."

"बुडणारा काय बी बोलतो," असं म्हणून कोळ्यानं त्याला काठाला आणलं, पालथा घातला आणि पोटातलं पाणी काढायला पाठीत चार बुक्क्या हाणल्या. पोटात पाणी नव्हतंच. साहेबांनी नियमाप्रमाणे भगवानला बाद केलं आणि कोळ्याला चहा पाजला.

पुढच्या शर्यतीला कोळी काठावर येऊन बसलेला. भगवानला म्हणाला, "आज बुडणार हायसा का? न्हाय, नसाल तर जाळं टाकाय जातो."

* * *

भगवानचे वडील तात्या. उमेदीत मेंढरं घेऊन कोकणाच्या वेशीपर्यंत हिंडलेले, आता ऊस करणारे. एकदा लेकाचं कर्तृत्व बघायला आले. वारा समोरून असला की शिडाची होडी सरळ जात नाही, डावीकडे-उजवीकडे तिरकी कापत चढवावी लागते. तात्या बराच वेळ बघत राहिले.

"खुणंचं पिंप समोर दिसतंय. मग ह्यो तिकडं कुठं निघालाय?"

"वारा समोरून आहे तात्या. असंच तिरकं तिरकं जावं लागतं," साहेब म्हणाले.

"मग वारा फिरल्यावर निघायचं हुतं."

"शर्यत आहे. थांबता येत नाही."

तात्या माझ्याकडे वळले. "म्हंजी घाई बी हाय आन् सरळ बी जायचं न्हाय. तुमच्या हापिसासारखंच हाय की हे."

* * *

एकदा वादळात मुख्य शीड उसवलं. नवीन मागवायला पुणं गाठावं लागणार होतं, म्हणून भगवाननं ते बारामतीच्या एका टेलरकडे टाकलं. सफारी शिवण्यात त्या माणसाचं नाव होतं. शीड मिळालं ते इस्त्री करून, घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आम्ही खूष.

पाण्यात गेल्यावर होडी हलेना. बाकीच्या होड्या भराभर निघाल्या आणि भगवानची पोस्टात वाट बघणाऱ्या माणसासारखी उभी. साहेबांनी शीड उतरवून चाचपलं आणि मटकन खाली बसले. शिडाला पोट असतं. त्या पोटात वारा भरतो म्हणून होडी चालते. आमच्या शिडाचं पोट गेलेलं होतं.

भगवान टेलरकडे गेला. टेलर म्हणाला, "मधे केवढा झोळ होता राव. कुणी शिवलं होतं कुणास ठाऊक. मी सगळा काढून टाकला. त्याचे पैसे लावले न्हाईत."

* * *

आमच्याकडे शर्यत सुरू करायला तोफ नव्हती, म्हणून सुतळी बॉम्ब. झेंडा खाली येताच मी बॉम्ब उडवायचा. एकदा बॉम्ब सादळला. झेंडा आला, आवाज आला नाही. सगळ्या होड्या रेषेवर फडफडत उभ्या. शेवटी साहेब देखरेखीच्या लाँचच्या टपावर चढले आणि फौजेतला सगळा आवाज लावून ओरडले, "ठो!"

भगवान त्या आधीच निघालेला होता. बाकीच्यांनी तक्रार केली. साहेबांनी नियम वाचून दाखवला, की झेंडा खरा, आवाज फक्त सोबतीला. भगवान जिंकला.

बक्षीस घेताना म्हणाला, "मला ठो ऐकूच आला न्हाय. मला वाटलं, साहेब मला शिव्या देत्यात."

* * *

राज्याच्या संघाची निवड मुंबईत होती, त्यासाठी भगवाननं कारखान्यात रजा मागितली. कारण, 'शिडाच्या होडीची शर्यत.' वरच्या साहेबांनी अर्जावर शेरा मारला, 'बारामतीत समुद्र कुठे आहे?' भगवाननं खाली लिहिलं, 'म्हणूनच मुंबईला जायचं आहे.' रजा मिळाली. कारकून म्हणून सांगतो, इतका नेमका खुलासा मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

मुंबईत पांढऱ्या बुटातल्या एका गृहस्थांनी चौकशी केली, "कुठला क्लब?"

"उजनी."

"तिथे किनारा आहे?"

"चारी बाजूंनी," भगवान म्हणाला.

शर्यतीत वारा मंदावला तेव्हा आमची जोडी चौथी होती. होडीच्या कडेनं पाणी झुळझुळत मागं जात होतं, म्हणजे होडी पुढं चालली होती. निदान उजनीत तरी तसंच असतं. थोड्या वेळानं नामदेव म्हणाला, "भगवानराव, ते दीपगृह आपण मगाशी मागं टाकलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"ते परत पुढं आलंय."

ओहोटी लागली होती. मुंबईकरांनी गुपचूप नांगर टाकले होते आणि आमचे दोघं ऐटीत मागे मागे चालले होते. निवड हुकली. परतल्यावर भगवान मला म्हणाला, "आपल्याकडं पाणी सोडायचं तर तुमचं खातं आधी नोटीस काढतं. तितं कुणी नोटीसच दिली न्हाय."

हसला, पण त्या वेळी गोष्ट हसण्यावारी राहिली नव्हती. तात्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "आजून एक डाव बघ. न्हाय जमलं तर होडी बंद आन् सुट्टीला उसात यायचं." भगवान "व्हय" म्हणाला होता. तात्यांना दिलेला शब्द तो मोडत नसे.

* * *

तो शेवटचा डाव आमच्याच पाण्यावर झाला. उन्हाळा होता. धरणाचं पाणी उतरलं होतं आणि बुडालेल्या जुन्या गावातल्या भैरोबाच्या देवळाचं शिखर वर आलं होतं. खरातांचं घर त्याच गावातलं, भैरोबा त्यांचं दैवत. आदल्या दिवशीच्या वाऱ्यात लांबच्या खुणेचं पिंप दोर तोडून निघून गेलं. मुंबईहून आलेल्या पंचांनी शिखर पाहिलं आणि म्हणाले, "याच्याहून पक्की खूण कुठे मिळणार?"

सकाळी त्यांनी सगळ्यांना नियम समजावले. तीन फेऱ्या. प्रत्येक खूण डाव्या हाताला ठेवून वळायचं. चुकीच्या बाजूनं वळलात, तर आल्या वाटेनं परत जाऊन तो फेरा उलगडायचा आणि मग नीट वळायचं. पहिला येईल तो संघात.

पहिल्या फेरीत भगवान सगळ्यांच्या पुढे होता. शिखराजवळ आला, आणि देवाभोवती जन्मभर जसं वळला तसा वळला. देव उजव्या हाताला.

लाँचवर साहेबांनी टोपी काढून दातात धरली. बाहेरून सांगणं म्हणजे मदत, आणि मदत म्हणजे बाद. माझ्या हातात झेंडा होता, तो मी घट्ट धरून बसलो. मागची मुंबईची होडी डावीकडून व्यवस्थित वळून पुढे निघून गेली.

तेव्हा नामदेव बोलला. "भगवानराव, पिंप असतं तर कुठनं वळला असता?"

भगवाननं एकदा शिखराकडे बघितलं, एकदा पुढे गेलेल्या होडीकडे. मग आल्या वाटेनं परत फिरला, फेरा उलगडला आणि भैरोबाला डाव्या हाताला घालून निघाला. काठावर गावची मंडळी जमली होती, त्यांनी पटापट हात जोडले. तात्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या फेरीत त्यानं निम्मं अंतर तोडलं. तिसऱ्या फेरीत शिखराला वळताना दोन्ही होड्या इतक्या जवळ होत्या की दोघांची शिडं एकमेकांना शिवतील असं वाटलं. समोरच्या वाऱ्यातल्या शेवटच्या चढाला मुंबईकर काठाकाठानं गेले. भगवान मधल्या पाण्यात घुसला. तिथं संध्याकाळचा वारा आधी उतरतो. रेषेवर त्याच्या होडीचं नाक पुढे होतं. त्या दिवशी बॉम्ब सादळला नाही.

साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. तिला दातांच्या खुणा होत्या. पंचांनी निकाल वाचला, टाळ्या झाल्या, फोटोवाला पुढे आला. भगवान आणि नामदेव जागेवर नव्हते. होडीही नव्हती.

पंचांनी दुर्बीण लावली. शीड पार लांब, शिखरापाशी दिसत होतं. होडी शिखर उजव्या हाताला ठेवून सावकाश फिरत होती. एक फेरा झाला, दुसरा सुरू झाला.

"शर्यत संपलीये हे त्यांना कुणी सांगितलं नाही का?" पंच म्हणाले. "आणि परत चुकीच्या बाजूनं वळतायत."

तात्यांनी पागोटं झटकून डोक्याला गुंडाळलं.

"सायेब, देवाला तीन प्रदक्षिणा उलट्या पडल्या. उलगडाय गेलाय. नियम तुमचाच हाय न्हवं?"