मांडून ठेवलेलं कपाट

नीटनेटकं मांडलेलं कपाट मेजर अक्काला बघवत नसे. पाहुणी म्हणून गेली तरी लोकांच्या काचेच्या कपाटासमोर उभी राहून ती विचारी, "वापरायला ठेवलंय का दाखवायला?" ती माझी आत्या. सैन्याच्या दवाखान्यात नर्सिंग अधिकारी होती, मेजर म्हणून निवृत्त झाली, म्हणून आमचं सगळं मन्नाएखेळ्ळी गाव तिला मेजर अक्का म्हणे.

हायवेवर माझं टायरचं दुकान आहे. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी होती, प्लास्टिकचं वेष्टणही न काढलेली. अक्कानं ते कात्रीनं फाडलं. "इथं रोज गाड्या धडकायल्यात, अन् तू ही कामून झाकून ठेवलीयस?" मग कामगारांना, शेजारच्या हॉटेलवाल्याला आणि मला बसवून वाहतं रक्त दाबून कसं धरायचं ते शिकवलं. हॉटेलवाल्याला नुसत्या बोलण्यानंच घेरी आली. "बस खाली," ती म्हणाली, "पण हात सोडू नको."

सैन्यात तिनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. तातडीच्या औषधांची कपाटं काढून दाराशी उघड्या ट्रॉल्या ठेवायला लावल्या. सामान चोरीला गेलं तर जबाबदार कोण, असं वरिष्ठांनी विचारलं, तेव्हा "मी" म्हणून सही केली. ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळ्यांना जखम बांधायला शिकवलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना ती म्हणायची, "कळवून येऊ नका सर. जखमी होऊन या." एक साहेब खरोखरच न सांगता स्ट्रेचरवर पडून आले. हळूहळू आसपासच्या लष्करी दवाखान्यांनीही ही पद्धत उचलली आणि अक्काला प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिनं कधी भिंतीवर लावलं नाही.

गावानं सत्कार ठरवला. मी बॅनरही छापून आणला. त्यावरचा स्वतःचा फोटो बघून अक्का खाली मान घालून म्हणाली, "हे गुंडाळून ठेव. मला चिंताकीला घेऊन चल."

चिंताकीत माणिकराव नावाच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर आम्ही बसलो. त्यांचा मुलगा बालाजी सैन्यात होता. डोंगरातल्या रस्त्यावर ट्रक उलटून तो गेला, एवढंच मला ठाऊक होतं.

"बालाजीला आणलं तवा मी ड्युटीवर होते," अक्का म्हणाली. "रक्त थांबवायचं सामान कपाटात होतं. दुसऱ्या दिवशी तपासणी, म्हणून सगळं मांडून कुलूप घातलेलं. किल्लीवाला बाहेर गेलता. मी त्याला बोलवायला माणूस पाठवला अन् वाट बघत राहिले."

माणिकरावांनी विचारलं, "कुलूप फोडायला काय लागतं, बाई?"

"दगड."

"दगड नव्हता?"

"होता. बोलणी बसतील, ह्याची भीती वाटली मला."

मी जमिनीकडं बघत होतो. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तोही थांबला.

"आमाला तर लई प्रयत्न केले म्हणून सांगितलं," ते म्हणाले. मग विचारलं, "आता?"

"आता कुलूप न्हाई. कुठल्याच कपाटाला न्हाई."

"अन् माझा बालाजी बी न्हाई." ते उठले. "जावा तुमी."

गाडीत बसल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सांगून टाकलंस, बरं वाटलं का अक्का?"

"बरं वाटून घ्यायला गेले नव्हते," ती म्हणाली.

सत्कार झाला नाही. गावात लोक कारण विचारत. तिची तब्येत बरी नाही, असं मी सांगू लागलो, पण ती ऐकत असली की मध्येच म्हणे, "खोटं कामून सांगायलास?" मग मी गप्प बसायला शिकलो. माझ्या दुकानासमोर गाडी धडकली की ती मात्र साडीचा पदर खोचून सगळ्यांच्या आधी रस्त्यावर असे. जीव वाचलेली माणसं पाया पडायला आली की पाय मागं घेई.

मागच्या वर्षी अक्का गेली. आमच्यात दफन करतात. खड्ड्याभोवती गर्दी होती, आणि सगळ्यात मागं माणिकराव उभे होते. त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मी ओळखलं, पण जवळ जायचा धीर होईना. एका पाहुण्यानं विचारलं, "तुमी यांचे कोण?"

त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "माझं लेकरू गेलं तवा," ते म्हणाले, "त्याच्याजवळ ह्याच होत्या."

मी बाजूला सरून त्यांना माती द्यायला वाट करून दिली.