‘घर’कडून आलेलं उत्तर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून पाणी प्यायला जाणारा माणूस. जळगावला सर्व्हर सांभाळतो, बिघाडाला कारण असतंच हे रोज बघतो. तरीही हे लिहितोय...

डायल-अपचे दिवस होते. चोपड्याला नानांचा छोटा कॉम्प्युटर क्लास होता. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि लिनक्स शिकवलं ते नानांनी. मोडेम असलेल्या त्यांच्या मशीनचं नाव त्यांनी ‘ghar’ ठेवलं होतं. डीफॉल्ट रूट म्हणजे काय, हे ते अहिराणीत सांगायचे, “वाट सापडनी नई ते घर ये.” ज्याचा पत्ता माहीत नाही, ते सगळं ‘घर’कडे पाठवायचं.

नाना गेले. पुढे ते मशीन जळालं, भंगारात गेलं. मग काकूंचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, निरोप आला – लेकीने परदेशातून बाळाचा फोटो ई-मेल केलाय, दाखवून दे.

भर दुपारी गेलो. उरलेल्या मशीनला मोडेम जोडला. फोन लागला, कनेक्शन झालं, पण एकही पान उघडेना.

“जळगावले जाईसन साहेब व्हई गया,” काकू म्हणाल्या, “आनि आठे तुनाघाई एक फोन लागत नई!”

लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, पाहिला. जुना डीफॉल्ट रूट आहे, तो बदलत नाही – असा संदेश. म्हणजे मशीन अजूनही सगळं ‘घर’कडेच पाठवत होतं. रूट काढला की काम झालं. त्याआधी सवयीने ‘ping ghar’ टाइप केलं, म्हणजे ‘घर’ला ‘आहेस का?’ अशी हाक दिली.

उत्तर आलं. मग दुसरं, तिसरं...

टेबलामागे वाकून पाहिलं. पूर्वी ‘घर’ला जोडलेल्या केबलचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. नावापुढचा पत्ता तपासला, बरोबर होता. खोलीत दुसरं मशीनच नव्हतं.

“काय व्हयनं?”

भंगारात गेलेलं ‘घर’ उत्तर देतंय, हे मी सांगून टाकलं. काकू स्क्रीनजवळ आल्या, एकेक अक्षर लावत वाचलं.

“घर... घर शे ना हाई? त्यासनं?”

“हो. फोटो हवा तर हे पुसावं लागेल, काकू.”

“आज नको पुसू.”

“आणि फोटो?”

“फोटो काय पयी चालना? सकाय दखसूत.” फोटो कुठे पळून जात नव्हता, उद्या बघायचा ठरला.

संध्याकाळपर्यंत त्या तिथेच बसल्या, ओळी वर सरकताना बघत. मध्येच पदराने स्क्रीन पुसली.

दुसऱ्या दिवशीही उत्तरं येतच होती. चहा झाल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, “आते पुस.” मी आदेश टाइप केला. एंटर त्यांनी दाबला.

फोटो वरून खाली हळूहळू उतरला. आधी कपाळ दिसलं. काकू हसल्या, मग रडल्या.

त्यांचं लक्ष नसताना मी पुन्हा ‘घर’ला हाक दिली. उत्तर नाही. वास्तविक डीफॉल्ट रूट काढल्याने शेजारच्या मशीनचं उत्तर थांबत नाही, हे या कामातले लोक सांगतील. म्हणजे आधी येत का होतं आणि मग थांबलं का, दोन्ही मला आजवर उलगडलेलं नाही. धुळ्याच्या एका अनुभवी मित्राला विचारलं, त्याने केबलचं टोक मोकळंच होतं ना, हे दोनदा विचारून घेतलं.

आता ऑफिसात कधी एकटा असलो की ‘ping ghar’ टाइप करतो. असं कुणी नाही, एवढंच येतं. तरी स्क्रीनवरची ती खिडकी लगेच बंद करवत नाही...