आरशातली तार

विमानांच्या कारखान्यात त्यांना सगळे पीळमामा म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. घट्ट केलेल्या बोल्टांच्या डोक्यांतल्या भोकांतून बारीक तार ओवायची, तिला पीळ द्यायचा आणि दोन बोल्ट असे जखडायचे की एखादा सुटायला निघालाच, तर तार त्याला घट्ट होण्याच्या दिशेलाच ओढेल. दिशा चुकली तर तार नुसती शोभेची. उरलेलं टोक मामा न विसरता आत दुमडत, पुढच्याचा हात कापू नये म्हणून. माणूस हट्टी. "सुंभ जळेल, पण मामांचा पीळ जायचा नाही," असं सोबती तोंडावर म्हणत आणि मामा वर खूश होत.

मुलगी त्यांच्याकडूनच शिकली आणि त्याच कारखान्यात तपासनीस झाली. इतरांनी बांधलेली तार ती हात घालून, ओढून बघायची. बापाच्या कामावर मात्र न बघता सही करायची. मामांना याचा कोण अभिमान! तिथेच सगळं नडलं.

गेल्या वर्षभरात साखरेच्या आजाराने मामांची बोटं बधिर झाली होती. एकदा उकळतं पातेलं त्यांनी नुसत्या हातांनी उतरवलं आणि फोड आले तरी त्यांना पत्ता नाही. मुलीने मलम लावलं, पट्ट्या बांधल्या.

"बाबा, कामावर सांगायला हवं."

"सात महिने राहिलेत गं निवृत्तीला. तेवढे जाऊ दे. कुणाकडे बोलू नकोस."

ती बोलली नाही.

डाकेच्या छोट्या विमानात इंजिनामागे तेलाच्या पंपाचे दोन बोल्ट होते. तिथे नजर पोचत नाही, म्हणून मामा ते नेहमी चाचपून बांधत. त्या दिवशी बोटांना काही कळेना. तासभर धडपडून शेवटी त्यांनी फटीत छोटा आरसा अडकवला आणि त्यात बघून तार ओवली. आरशात डावं ते उजवं दिसतं, हे शाळकरी पोरही सांगेल. पण सव्वीस वर्षांत आरशाची गरजच पडली नव्हती त्या माणसाला. आरशात तार अगदी बरोबर दिसत होती. म्हणजे ती उलटी बसली होती.

"झालं, बाबा?"

"झालं."

तिने सही केली.

सतराव्या दिवशी बोल्ट सुटले, तेल वाहून गेलं, इंजिन बंद पडलं आणि विमान खडकाळ माळावर आपटलं. आत वैमानिक एकटाच होता, तो जागीच गेला. विमान न्यायला आला की तो दर वेळी विचारायचा, "मामा, नीट बांधलंत ना?" ते आठवलं की मामा भरल्या ताटावरून उठत.

चौकशीच्या खोलीत टेबलावर पिशवीत ती तार ठेवली होती. टोक आत दुमडलेलं.

"ही मी बांधली," मुलगी एकदम म्हणाली. "त्या दिवशी बाबा दमले होते."

"खोटं बोलतेय ती. तार माझी आहे, साहेब."

अधिकाऱ्याने दोघांकडे पाहिलं. टोक दुमडायची सवय दोघांनाही होती. त्याने दोन बोल्ट बसवलेली एक लोखंडी पट्टी आणि नवी तार मामांपुढे सरकवली. "बांधून दाखवा."

मामांनी बांधली. एका मापाचा, देखणा पीळ. पोरीवरचं बालंट टळलं, असं वाटून त्यांनी पट्टी पुढे केली.

"मामा, तुमचं बोट," अधिकारी म्हणाला.

तारेचं टोक नखाखाली घुसलं होतं. टेबलावर रक्ताचं थारोळं साचलं होतं आणि मामांना त्याची दादच नव्हती. अधिकारी मुलीकडे वळला.

"यांच्या बोटांना काही कळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

मामांनी आयुष्यभर तिला खरं बोलायला शिकवलं होतं. आता ते मनातल्या मनात तिला विनवत होते, नाही म्हण पोरी, एवढं एकदा नाही म्हण.

तिने पदरात बापाचं बोट घट्ट दाबून धरलं होतं.

"हो," ती म्हणाली. "पट्ट्या मीच बांधल्या होत्या."