एरंडेलाचे हात

सुनेने आज बाळासाठी एरंडेल कोमट केलं आणि त्या वासासरशी मुरबाडची तालीम आठवली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मल्लखांबात तालुक्यात माझ्या तोडीचा कोणी नव्हता, आणि मला ते जरा जास्तच ठाऊक होतं. खांबाला नि अंगाला एरंडेल चोळून आम्ही सराव करायचो. निघताना राखेने हात घासून धुवायचे, हा वस्तादांचा नियम. त्या दिवशी बघायला आलेल्यांनी वाहवा केली आणि मी त्याच तोऱ्यात तसाच घरी आलो. बाप विहिरीतला गाळ काढून दगडांच्या खाचांत पाय देत वर येत होता. "हात दे रे," तो म्हणाला. मी ऐटीत एकच हात दिला. बापाचा हात माझ्या मुठीतून सुळकन निसटला आणि खाली आदळून त्याचा पाय मोडला. आई धावत आली, तेव्हा कण्हत म्हणाला, "माजाच पाय सरकला गो, पोराचा काय दोस नाय." मी हात पाठीमागे पंचाला पुसत उभा राहिलो. पुढे म्हसा गावच्या जत्रेत मी खांबावर एका हाताने अंग तोललं, तेव्हा बैलगाडीत पाय लांब करून बसलेला बाप शेजारच्यांना ओरडून सांगत होता, "पकड बगा त्याची, पकड!"