श्वेत समुद्राजवळचा किल्ला

माझे सासरे, म्हणजे बाबा, तीन महिन्यांसाठी जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचा वेळ कसा जाणार याची आम्हाला काळजी होती. पण माइन नदीजवळ एक जुना किल्ला आहे हे कळलं आणि ते रोज संध्याकाळी तिकडेच फिरायला जाऊ लागले. शाळेत इतिहास शिकवायचे ते. नोकरीभर मुलांना घेऊन सह्याद्रीतले गड चढले होते.

तिथल्या बाकावर त्यांना एक रशियन आजोबा भेटले. बायको जर्मन वंशाची, म्हणून हे इकडे येऊन राहिलेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी मातीत काठीने तट-बुरुज काढून त्यांचं छान चालायचं. एका शनिवारी बाबा दुभाषी म्हणून मला घेऊन गेले.

आजोबा मोडक्या जर्मनमध्ये सांगू लागले. त्यांचं गाव श्वेत समुद्राकाठच्या अर्खांगेल्स्क बंदराजवळ. बंदराच्या रक्षणासाठी झारने नदीच्या मुखाशी किल्ला बांधायला काढला. तो अर्धवट असतानाच स्वीडनची जहाजं चालून आली. वाट दाखवायला त्यांनी तिथलाच एक कोळी पकडला होता. त्याने जहाजं नेमकी तोफांच्या टप्प्यात आणून वाळूत रुतवली.

"वा!" बाबा उठून उभेच राहिले. "अगं, विचार ना, त्याला बक्षीस काय मिळालं?"

"तुरुंग," आजोबा म्हणाले. "शत्रूच्या जहाजावर होता ना! आमच्याच लोकांनी टाकलं."

"आणि किल्ल्याचं पुढे काय झालं?"

"सीमा लांब सरकली. तोफांचं काम उरलं नाही. मग कधीतरी त्याचाच तुरुंग झाला. मी तिथे पहारेकरी होतो, पेन्शनीत निघेपर्यंत."

मी थांबले. बाबा माझ्याकडे बघत होते, तेव्हा सांगावंच लागलं. ते खाली बसले.

"आत कोण असायचं?"

"नक्की माहीत नाही," आजोबा म्हणाले. "असायची माणसं. मी तट सांभाळायचो."

"कुणापासून?"

हाही प्रश्न मी जर्मनमध्ये विचारला. आजोबांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

आम्ही घरी परतायला निघालो. बाबा म्हणाले, "मी मुलांना कडेलोटाची जागा दाखवायचो. पोरं वाकून बघायची, हसायची. मीही हसायचो. खाली कोण गेलं, हे एकाही पोराने विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते स्टेशनच्या बाजूला फिरायला जाऊ लागले.

एकदा बेकरीत आजोबांनी मला गाठलं. "वडील आजारी आहेत का?"

"नाही, बरे आहेत," मी म्हणाले. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बूट घालून स्टेशनच्या बाजूलाच फिरायला गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र ते मला न घेता एकटेच बाकावर जाऊन आले. काय झालं, ते सांगितलं नाही.

आता ते पुण्याहून फोन करतात, नातवाची, थंडीची चौकशी करतात. आजोबांचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.