डागवाल्यांची खाऱ्या पाण्याची टाकी

लाँड्रीवाल्यांना सगळी गल्ली डागवाले म्हणायची. डाग दिसला की या माणसाला राहवत नसे. कुणी रस्त्यात थांबवून मुलीला नोकरी लागल्याचं कौतुकाने सांगत असलं, तरी यांचे डोळे त्याच्या खिशाखालच्या शाईवर. वर हळूच म्हणायचे, शर्ट उद्या दुकानात टाका.

बायको मोठ्या आजारपणातून बरी होऊन इस्पितळातून घरी आली, पण तिचं कशातच मन रमेना. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिचं लहानपण समुद्राकाठी गेलेलं. म्हणून डागवाल्यांनी दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घातलं आणि पलंगासमोर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी उभी केली. तळाला पांढरी वाळू, दोन खडक, वर निळसर दिवा. पहिल्या दिवशी तिने कूस बदलून टाकीकडे पाहिलं. एवढ्यानेच गडी हरखला. पाणी माशांना राहण्याजोगं झालं की केशरी मासे आणायचे, मग ही उठून बसेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

थोड्याच दिवसांत वाळूवर तपकिरी धूळ चढली. मग खडकांवर, मग काचेवर. डागवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी बाह्या सरसावून काच घासली, वाळू धुतली, नळाच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून टाकी पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी थर हजर, तोही आधीपेक्षा जाड. मग हेही हट्टाला पेटले. चहा तसाच ठेवून घासायचे, जेवण अर्ध्यावर टाकून घासायचे. दरम्यान बायको पुन्हा भिंतीकडे वळली होती. त्याचंही खापर त्यांनी त्या तपकिरी थरावरच फोडलं.

शेवटी टाकी विकणाऱ्या बाईंकडे ते तक्रार घेऊन गेले. पाणी नळाचं घालता का, एवढंच बाईंनी विचारलं आणि हो म्हणताच बाईंना हसू आवरेना. ती धूळ नव्हती, डायटम होते. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, नव्या वाळूतल्या आणि नळाच्या पाण्यातल्या सिलिकावर पोसणारे. म्हणजे डागवाले रोज बादली भरभरून त्यांना जेवू घालत होते.

"आरओचं पाणी वापरा आणि हात आवरा," बाई म्हणाल्या. "नव्या टाकीत हे होतंच. खायला मिळेनासं झालं की आपोआप जाईल."

जन्मभर डागांच्या मागे लागलेल्या माणसाला हात आवरायला सांगणं म्हणजे शिक्षाच. घरी येऊन त्यांनी फडका दूर ठेवला आणि पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले.

"अजून काही दिवस घाणच दिसणार बघ," ते ओशाळून म्हणाले. "मला काही करता येणार नाही म्हणे."

"मग आता बसाल ना जरा?" बायको भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "टाकी बघावी म्हणून मी वळायचे, तर समोर तुमची पाठ. घरी आल्यापासून तुमचा चेहरा कुठे धड दिसलाय मला?"

डागवाल्यांना भडभडून आलं. हिच्यासाठी म्हणून एवढा आटापिटा केला आणि हिच्याकडेच बघायचं राहिलं. ती सावकाश वळली. त्यांचा हात तिने ओढून घेतला. खाऱ्या पाण्याने बोटं भेगाळली होती.

"तेल आणा इकडे," ती म्हणाली, आणि उशीचा आधार घेत उठून बसली.