धाकटीचं पुस्तक टीव्हीवर

माझी धाकटी जाऊ चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासायची. उठताना पानांत पेन्सिल ठेवून गठ्ठा मिटायचा, ही तिची सवय. निवृत्तीनंतर ती घरी लॅपटॉपवर लिहू लागली. गेल्या मंगळवारी दुपारी, चहाला उठताना, तिने त्यातही पेन्सिल ठेवली आणि झाकण दाबून मिटलं.

"धन्य आहे तुझी! खूण कसली ठेवतेस त्यात?" मी म्हणाले.

"ताई, टोमणे नंतर मारा. आधी हे बघा."

पडदा तडकून त्यावर काचेची बारीक नदी फुटली होती. जांभळं, हिरवं पाणी हळूहळू पसरत होतं आणि त्याखाली अक्षरं बुडत होती. मला ते सुंदर वाटलं, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आत तिचं पुस्तक होतं, तिच्या आईवरचं. जन्मभर लोकांची पुस्तकं सुधारली, हे एकच तिचं स्वतःचं. दुसरीकडे कुठेही उतरवून ठेवलेलं नव्हतं. कुणाला दाखवलंही नव्हतं, मलासुद्धा नाही.

तिने कंपनीला फोन लावला. तळाशी चिकटवलेला नंबर भिंगातून वाचून दाखवला. उद्या माणूस येऊन मशीन नेईल, दहा दिवसांत नवा पडदा बसेल, असं पलीकडची मुलगी म्हणाली. "पण मॅडम, दुरुस्तीत आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं. तशी सही लागेल. आधी कॉपी काढून ठेवा."

"अगं बाई, दिसतच नाही तर काढू कशी?"

"टीव्हीला जोडून बघा ना."

माझ्या लेकीने मागे ठेवलेली वायर कपाटात होती. बुधवारी सकाळी आम्ही दोघी टीव्हीमागे गुडघे टेकून भोकं शोधत बसलो. तिसऱ्या खेपेला जमलं आणि टीव्हीभर तिचं पान उजाडलं. एकेक अक्षर वाटीएवढं.

पेन ड्राइव्हवर सगळं उतरलं. पण मी तोवर वाचायला लागले होते. तिची आई दोरीवर चादर वाळत घालत होती आणि एवढीशी धाकटी चादरीआड उभी राहून तिच्यातून येणारं ऊन बघत होती. आमच्या खोलीतही तेच ऊन आल्यासारखं झालं.

"बंद करू?" तिने विचारलं.

"थांब गं. पुढचं पान."

किती पानं झाली कोण जाणे. एरवी मी घड्याळ बघून दिवसभराच्या कामांची वहीत नोंद ठेवते. त्या दिवशीची जागा कोरी आहे.

बेल वाजली. कंपनीचा माणूस खोका घेऊन उभा होता. "काकू, इथे सही. आतलं गेलं तर तक्रार नाही ना?"

"नाही," म्हणत धाकटीने एका झटक्यात सही केली. तो जिना उतरून गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, आई दिसली का हो तुम्हाला?"

"दिसली. फक्त चादरीचा रंग लिहायचा राहिलाय."

"फिकट पिवळा," ती म्हणाली आणि पेन ड्राइव्ह मुठीत धरून दारातच उभी राहिली.